मैदानी प्रश्नोत्तरे : दोन फेऱ्या, बारा हंगाम

गेल्या अंकात केनियाचा ८०० मीटरचा धावपटू डेव्हिड रुडिशा याच्याविषयी चार ओळींचा उल्लेख आला होता आणि त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. चारही प्रश्न वेगवेगळ्या दिशांनी आले असले, तरी मध्यम पल्ल्याच्या धावपटूची कारकीर्द कशी घडते आणि कशी मोडते, याच मुद्द्यापाशी ते येऊन थांबतात.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. १७ वर्षांखालील गटात ८०० मीटर शर्यतीत तो यंदा विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. आता त्याला रोज दोन वेळा कसून सराव द्यावा आणि मिळेल त्या स्पर्धेत उतरवावे, असे जाणकार मंडळी सांगतात. जागतिक विजेते या वयात काय करत असतात?
— एक पालक, बार्शी

उत्तर : रुडिशाचेच उदाहरण घेऊ, कारण त्याच्या कारकिर्दीचे टप्पे स्पष्ट दिसतात. त्याचा जन्म डिसेंबर १९८८ मध्ये केनियातील किल्गोरिस भागात, मसाई समाजात झाला. वडील डॅनियल रुडिशा हे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ४ × ४०० मीटर रिलेचे रौप्यपदक मिळवणाऱ्या केनियाच्या संघात होते आणि आईदेखील धावपटू होती. अशा घरातला मुलगा लहानपणापासून ८०० मीटरला जुंपला गेला असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. शाळेत तो ४०० मीटर धावत असे आणि डेकॅथलॉनमध्येही, म्हणजे धावणे, उड्या व फेकी मिळून दहा प्रकारांच्या स्पर्धेतही, त्याने हात आजमावला होता. पुढे तो इटेन या गावी ख्रिस्ती धर्मबंधू व धावण्याचे प्रशिक्षक असलेल्या ब्रदर कॉल्म ओकॉनेल यांच्याकडे आला, तेव्हा कुठे त्याचा ओढा ८०० मीटरकडे वळला.

या ब्रदर कॉल्म यांची हकिकत तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर असलेल्या इटेनच्या सेंट पॅट्रिक्स शाळेत ते १९७६ मध्ये आयर्लंडहून आले ते भूगोल शिकवायला. धावण्याच्या प्रशिक्षणाचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. मुले धावत असताना पाहत राहायचे, त्यांच्याशी बोलायचे आणि जे दिसेल त्यातून शिकायचे, हीच त्यांची पद्धत होती. १९८९ पासून ते शाळेच्या सुट्ट्यांमध्ये तरुण मुलामुलींची शिबिरे घेऊ लागले. पाऊल कसे पडते, खांदे सैल आहेत का, हात कुठून हलतात, या गोष्टींवर तिथे वेळ दिला जातो आणि संथ धावताना ज्याची ठेवण बिघडते त्याला वेग वाढवू दिला जात नाही. एवढ्या विजेत्यांचा गुरू असलेला माणूस मुलांना आधी हळू धावायला शिकवतो, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने मनावर घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

मग पुढचा क्रम पाहा. २००६ मध्ये, सतराव्या वर्षी, रुडिशा बीजिंगमध्ये कनिष्ठ गटाचा विश्वविजेता झाला. २००८ मध्ये दुखापतीमुळे त्याला ऑलिंपिकला मुकावे लागले. २००९ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत तो उपांत्य फेरीतच बाद झाला. विश्वविक्रम झाला तो २०१० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आणि ऑलिंपिक सुवर्ण आले ते तेविसाव्या वर्षी. म्हणजे तुमच्या मुलाच्या वयापासून सर्वोच्च पदकापर्यंत सात वर्षे गेली आणि त्यांतले एक पूर्ण ऑलिंपिक हातचे गेले.

आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल, तर ३,००० मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचा, अविनाश साबळे आहेच. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा हा मुलगा शाळेत जाण्यायेण्यासाठी मैलोगणती पायपीट करत असे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचीनसारख्या ठिकाणी नोकरी केली आणि स्टीपलचेसकडे वळला तो २०१७ च्या सुमारास, म्हणजे वयाची विशी ओलांडल्यावर. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन त्याने रौप्यपदक मिळवले आणि केनियाच्या धावपटूंची मक्तेदारी असलेल्या प्रकारात त्यांना झुंजवले.

तेव्हा सोळाव्या वर्षी विभागीय स्पर्धेपर्यंत जाणे ही उत्तम सुरुवात आहे. तिला घाईची गरज नाही. दोन वेळचा कसून सराव आत्ता नको. आठवड्यातून दोन दिवस वेगाचे काम, एक दिवस लांब आणि सावकाश धावणे, एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि उरलेल्या दिवशी हलका सराव व खेळ, एवढे पुरे. स्पर्धा निवडक असाव्यात. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी वर्षभर त्याला पळवत ठेवू नका, ही माझी विनंती आहे.

प्रश्न : २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधली ८०० मीटरची अंतिम शर्यत मी नुकतीच पुन्हा पाहिली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रुडिशाच पुढे होता. चढाओढ, मागून मुसंडी मारणे, असे काहीच घडले नाही. तरीही या शर्यतीला इतके थोर का मानतात?
— निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : सर, तुम्ही ज्याला उणीव म्हणता, तेच त्या शर्यतीचे मोठेपण आहे. ते उलगडून सांगण्यासाठी मला थोडे आकड्यांत शिरावे लागेल.

विश्वविक्रम साधारणपणे कसे होतात ते आधी पाहू. एखाद्या सायंकाळच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत आयोजक एक वेगनियंत्रक धावपटू नेमतात. तो पहिली फेरी ठरलेल्या वेगाने ओढतो, वारा अंगावर घेतो आणि मग बाजूला होतो. रुडिशाचे २०१० चे दोन विक्रम असेच झाले होते. २२ ऑगस्टला बर्लिनमध्ये त्याने १ मिनिट ४१.०९ सेकंदांची वेळ देऊन विल्सन किपकेटरचा १९९७ पासूनचा १:४१.११ हा विक्रम मोडला आणि आठवडाभराने इटलीतील रिएती येथे स्वतःचीच वेळ १:४१.०१ वर आणली. दोन्ही वेळा सॅमी टांगुई हा त्याचा सहकारी पुढे धावून वेग लावून देत होता. ऑलिंपिकमध्ये ही सोय नसते. तिथे पुढे जाईल त्यालाच वारा सोसावा लागतो आणि मागचे सात जण त्याच्या पाठीचा आडोसा घेतात. म्हणूनच बहुतेक अंतिम शर्यती सावध होतात, पहिली फेरी सगळे एकमेकांकडे पाहत काढतात आणि निकाल शेवटच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये लागतो. २०००, २००४ आणि २००८ या तिन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदके १:४४ च्या वरच्या वेळांना मिळाली होती.

९ ऑगस्ट २०१२ च्या रात्री रुडिशाने हा हिशेबच बाजूला ठेवला. पहिले वळण संपून धावपटू आपापल्या लेन सोडून आत येतात, तिथेच त्याने आघाडी घेतली. पहिले २०० मीटर २३.४ सेकंदांत गेले आणि ४०० मीटरची पहिली फेरी संपून अखेरच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा घड्याळात ४९.२८ सेकंद झाले होते. आता पुढचा भाग नीट पाहावा, कारण शर्यतीचे मर्म तिथे आहे. ४०० ते ६०० मीटर हा या शर्यतीतला सर्वांत अवघड तुकडा असतो. सुरुवातीचा हुरूप ओसरलेला असतो, अंतिम रेषा अजून दृष्टिपथात नसते, मांड्या भरून येऊ लागतात आणि भलेभले धावपटू नकळत इथे अर्धा-पाऊण सेकंद गमावतात. रुडिशाने दुसरे २०० मीटर २५.९ सेकंदांत काढले होते. हा तिसरा तुकडा त्याने २५.०२ सेकंदांत, म्हणजे आधीच्यापेक्षा वेगाने पार केला. ६०० मीटरला वेळ होती १:१४.३०. शेवटच्या सरळ रेषेत त्याचे पाय जड झालेले दिसतात, खांदे किंचित वर येतात, पण ठेवण मोडत नाही. घड्याळ थांबले ते १:४०.९१ वर. एक मिनिट एक्केचाळीस सेकंदांच्या आत तोवर कोणीही धावले नव्हते.

आता मागच्यांकडे पाहा. बोत्सवानाचा अठरा वर्षांचा नायजेल अमोस १:४१.७३ वेळेत दुसरा आला. ही नेमकी तीच वेळ, जी १९८१ मध्ये सेबॅस्टियन को याने फ्लोरेन्समध्ये विश्वविक्रम म्हणून नोंदवली होती आणि जी पुढे सोळा वर्षे टिकली होती. केनियाचा सतरा वर्षांचा टिमथी किटुम १:४२.५३ वेळेत तिसरा. आठवा, म्हणजे शेवटचा आलेला ब्रिटनचा अँड्र्यू ओसागी १:४३.७७ वेळेत आला. या वेळेने त्याला आधीच्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळाले असते. एका माणसाने सगळा वारा स्वतःच्या छातीवर घेतला आणि त्याच्यामागचे सातही जण स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम वेळेत, किंवा तिच्या जवळपास, धावले. चढाओढ नव्हती असे कसे म्हणावे? आठही जण घड्याळाशी लढत होते आणि सगळे जिंकले, असे मी तरी मानतो.

येथे श्रीराम सिंग यांची आठवण काढल्यावाचून मला पुढे जाववत नाही. राजस्थानचा हा राजपुताना रायफल्सचा जवान, प्रशिक्षक मोहम्मद इलियास बाबर यांचा शिष्य, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम फेरीत उतरला होता आणि त्यानेही असाच धीटपणा दाखवला होता. पहिली फेरी श्रीराम सिंग यांनी पुढे राहून ५०.८५ सेकंदांत काढली. दुसऱ्या फेरीत क्यूबाचा आल्बर्टो हुआंतोरेना पुढे निघून गेला आणि त्याने १:४३.५० असा विश्वविक्रम केला. श्रीराम सिंग सातवे आले, पण त्यांची १:४५.७७ ही वेळ २०१८ मध्ये गुवाहाटीत जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ नोंदवेपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, भारताचा राष्ट्रीय विक्रम म्हणून उभी होती. हुआंतोरेनाने नंतर आपल्या विक्रमाचे श्रेय श्रीराम सिंग यांच्या त्या पहिल्या फेरीला मोकळेपणाने दिले. १९७४ च्या तेहरान आणि १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत याच अंतराचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या या धावपटूचे नाव आपल्या शाळांच्या क्रीडाकक्षांत दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणीत आम्हा मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मी सुरुवातीला सर्वांच्या पुढे असते, पण दुसऱ्या फेरीत पाय उचलतच नाहीत. रुडिशासारखे पुढून धावावे की मागे थांबून शेवटी जोर लावावा?
— विद्यार्थिनी, गेवराई

उत्तर : तुझा प्रश्न वाचला आणि आनंद झाला, कारण मराठवाड्यातल्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या तुझ्यासारख्या शेकडो मुली जी शर्यत धावतात, तीच शर्यत रुडिशाही धावत होता.

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या २०० मीटरच्या धावपट्टीवर मी स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. एका मुलीने चार फेऱ्यांपैकी पहिली ३४ सेकंदांत मारली. दुसरी ४१, तिसरी ५०, आणि चौथीत तिने मान मागे टाकली, मुठी आवळल्या, तोंड वासले आणि वेळ लागली ५२ सेकंद. एकूण २ मिनिटे ५७ सेकंद. पंधरा दिवसांनी तिलाच पहिली फेरी ४० सेकंदांत काढायला सांगितली. तिला ते इतके संथ वाटले की ती सारखी माझ्याकडे पाहत होती. पुढच्या तीन फेऱ्या ४२, ४४ आणि ४३ सेकंदांत गेल्या. एकूण २ मिनिटे ४९ सेकंद. दमसास तोच होता. फरक फक्त वाटणीचा.

रुडिशाची पहिली फेरी दुसरीपेक्षा वेगवान होती हे खरे, पण फरक किती? ४९.२८ आणि ५१.६३, म्हणजे अडीच सेकंदांहूनही कमी. शिवाय ४०० मीटर एकटेच अंतर असते तर तो ते ४६ सेकंदांच्या आत धावू शकत असे. म्हणजे पहिल्या फेरीतही त्याच्यापाशी तीन-साडेतीन सेकंद शिल्लक होते. पुढून धावणे म्हणजे जीव टाकून पळणे नव्हे. आपल्याला जो वेग शेवटपर्यंत पेलणार आहे, तो पहिल्या पावलापासून धरणे आहे. तुझ्या चाचणीत गुण वेळेवर मिळतात, क्रमांकावर नाही. त्यामुळे शेजारची मुलगी पुढे गेली तरी तिच्यामागे धावू नकोस.

आणि पुढे राहायचे की मागे, हा प्रश्न रुडिशालाही पडला होता. २००९ च्या बर्लिनच्या उपांत्य फेरीत तो गर्दीत अडकला आणि बाहेर पडेपर्यंत उशीर झाला. त्यानंतर काही दिवसांतच रिएती येथे त्याने मोकळ्या जागेत धावून १:४२.०१ असा आफ्रिकी विक्रम केला, आणि पुढच्या काळात गर्दीपासून दूर, पुढे राहणे हीच त्याची ओळख झाली. तरी तो त्या पद्धतीचा गुलाम नव्हता. २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत त्याने पहिली फेरी ५४ सेकंदांवर आणून ठेवली, सर्वांना संथ वेगात झुलवले आणि अखेरच्या टप्प्यात निसटून १:४५.८४ वेळेत सुवर्ण घेतले. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये केनियाच्याच आल्फ्रेड किपकेटरला त्याने पुढे जाऊ दिले, ५०० मीटरच्या आसपास त्याला मागे टाकले आणि १:४२.१५ वेळेत पुन्हा जिंकला. तीन सुवर्णे, तिन्ही वेगवेगळ्या रीतीने. त्या दिवशी आपल्या अंगात काय आहे, हे ओळखून धावणे त्याला साधले होते.

तुझ्यासाठी नेमके सांगायचे तर आठवड्यातून एकदा २०० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक तुझ्या चाचणीच्या ठरवलेल्या वेगाने, मध्ये दीड मिनिट चालणे. सहावी धाव पहिलीइतक्याच वेळेत झाली, तर वेग बरोबर आहे असे समज. नडगीत दुखू लागले तर डांबरी रस्ता सोडून मातीवर धाव; दुखणे आठवडाभरात गेले नाही, तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. भरतीच्या तारखेआधी महिनाभर विश्रांती घ्यावी लागली तरी चालेल, हाडाला चीर पडलेली चालणार नाही.

प्रश्न : रिओनंतर रुडिशा कुठे गेला? इतका मोठा खेळाडू असा एकाएकी दिसेनासा कसा झाला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तो एकाएकी दिसेनासा झाला नाही, आपले लक्ष ऑलिंपिकपुरते असते, म्हणून तसे वाटते. लंडननंतरचा काळ त्याच्यासाठी खडतरच होता. २०१३ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने हंगाम गेला आणि मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेला तो मुकला. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत लंडनच्या त्याच नायजेल अमोसने त्याला हरवले. २०१६ मध्ये तर केनियाच्या निवड चाचणीत तो तिसरा आला होता आणि जेमतेम संघात शिरला होता. त्याच माणसाने दोन महिन्यांच्या आत रिओत सुवर्ण मिळवले. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर जिंकण्याचा पराक्रम त्याआधी न्यूझीलंडच्या पीटर स्नेलने १९६० आणि १९६४ मध्ये केला होता. मधली बावन्न वर्षे तो कोणाला जमला नव्हता.

२०१७ च्या जुलैनंतर मात्र तो शर्यतीत उतरू शकला नाही. मांडीच्या स्नायूने दगा दिला आणि लंडनची जागतिक स्पर्धा हुकली. मार्च २०१९ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याची मोटार एका बसवर आदळली; त्यातून तो किरकोळ जखमांवर बचावला. २०२० मध्ये घराजवळ पाऊल मुरगळून घोट्याचे हाड मोडले आणि पुनरागमनाची आशा तिथे संपली. डिसेंबर २०२२ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातातूनही तो सुखरूप बाहेर आला. मसाई ऑलिंपिक नावाच्या स्पर्धेहून तो परतत होता. मसाई तरुणांनी शौर्य सिद्ध करण्यासाठी सिंहाची शिकार करण्याऐवजी धावणे, उंच उडी आणि भालाफेक यांत ते दाखवावे, यासाठी २०१२ पासून ही स्पर्धा भरते आणि रुडिशा आरंभापासून तिच्या पाठीशी उभा आहे.

तुम्ही विचारलेले नाही, पण पुढच्या पत्रात विचारले जाईल म्हणून आत्ताच सांगतो. त्याचा विक्रम अजून मोडलेला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये केनियाचा इमॅन्युएल वान्योन्यी १:४१.१९, कॅनडाचा मार्को अरोप १:४१.२० आणि अल्जेरियाचा जमेल सेजाती १:४१.५० अशा वेळा एकाच शर्यतीत लागल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत लोझान येथे वान्योन्यीने विल्सन किपकेटरच्या जुन्या १:४१.११ या वेळेशी बरोबरी केली. तो तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता आणि रुडिशाच्या वेळेपासून सेकंदाच्या एक पंचमांश अंतरावर होता. त्याचे पाय धड राहोत, एवढीच इच्छा आहे.